कासवांच्या इस्पितळात घाई चालत नाही

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून समुद्रात बेटांची एक लांबलचक रांग गेली आहे, तिला 'फ्लोरिडा कीज' म्हणतात. त्या रांगेच्या साधारण मध्यावर मॅरेथॉन नावाचं गाव आहे आणि गावातून जाणाऱ्या हमरस्त्याला लागूनच समुद्री कासवांचं इस्पितळ आहे: 'द टर्टल हॉस्पिटल'. आज जिथे कासवांवर शस्त्रक्रिया होतात, त्या इमारतीत पूर्वी स्ट्रिप क्लब होता. आपल्या डान्सबारचा थोरला भाऊच म्हणा. शेजारच्या मोटेलचे मालक रिची मोरेटी यांनी १९९१ मध्ये तो क्लब विकत घेतला आणि तिथे ऑपरेशन थिएटर थाटलं.

मोरेटी डॉक्टर नव्हेत की प्राणिशास्त्रज्ञही नव्हेत. मूळचे मोटारींचे मेकॅनिक. मोटेलच्या आवारातला पोहण्याचा तलाव त्यांनी खाऱ्या पाण्याने भरला आणि त्यात मासे सोडले. ते पाहायला शाळेतली मुलं यायची आणि विचारायची, 'कासवं कुठे आहेत?' निन्जा टर्टल्सनी झपाटलेली पिढी ती. कासवं मात्र अशी हौसेखातर पाळता येत नाहीत, कायद्याने ती संरक्षित आहेत. ठेवायचीच तर आजारी, जखमी कासवं बरी करून परत सोडण्यासाठी ठेवा, एवढाच मार्ग मोकळा होता. १९८६ पासून हे काम सुरू झालं. बरीच वर्षं पर्यटकांच्या खोलीभाड्यातून कासवांच्या औषधपाण्याचा खर्च निघत होता. २००५ मध्ये विल्मा चक्रीवादळाचं पाणी मोटेलमध्ये घुसलं आणि तो धंदा बसला. इस्पितळ टिकलं. तिकीट काढून ते पाहायला येणाऱ्यांच्या पैशांवर आता बराचसा गाडा चालतो.

या जागेचा इतिहास ठाऊक असेल तर गंमत वाटते. याच बेटांच्या टोकाला की वेस्ट आहे. तिथे एके काळी हिरव्या कासवांचं सूप डब्यांत भरणारा कारखाना होता. जिवंत कासवं किनाऱ्यालगतच्या कोंडवाड्यात ठेवायची आणि लागतील तशी कापायची. आज त्याच जातीच्या कासवांना अ‍ॅम्ब्युलन्समधून मॅरेथॉनला आणतात.

येणाऱ्या पेशंटांत मोठा वाटा फायब्रोपॅपिलोमा या रोगाचा असतो. मुख्यतः हिरव्या कासवांना होणारा, एका प्रकारच्या हर्पीस विषाणूशी संबंध असलेला हा आजार. मान, काखा, पाय आणि डोळ्यांवरही मांसल गाठी वाढत जातात. गाठ स्वतः मारत नाही. डोळे झाकले गेले की कासवाला अन्न दिसत नाही आणि ते उपासमारीने खंगतं. १९३८ मध्ये या रोगाचं पहिलं वर्णन छापून आलं तेही की वेस्टकडच्या कासवांचंच. इथे कार्बन डायॉक्साइड लेझरने गाठी काढतात. एका बैठकीत सगळ्या निघत नाहीत, काढलेल्या पुन्हा उगवतात, त्यामुळे एकेक कासव वर्षभरही राहतं. फुप्फुसात किंवा मूत्रपिंडात गाठी सापडल्या तर मात्र इलाज नाही. तेव्हा वेदनारहित मरण देतात.

दुसरे पेशंट मोटारबोटींच्या धडकेचे. धडकेने कवच फुटतं, कधी पाठीचा कणाही दुखावतो आणि बरं झाल्यावरही कवचाच्या मागच्या भागात हवा अडकून राहते. असं कासव बूड वर करून तरंगत राहतं, त्याला बुडी मारता येत नाही. कर्मचारी त्याच्या कवचावर वजनं चिकटवतात. पण कवच वाढतं, त्याचे थर सुटतात आणि त्यांच्याबरोबर वजनंही गळून पडतात. समुद्रात ती पुन्हा कोण लावणार? म्हणून अशी कासवं कायमची तिथेच राहतात.

सगळ्यात विलक्षण वाटतो तो या प्राण्याचा संथपणा. भूल दिलेलं कासव आपणहून श्वास घेईल याचा भरवसा नसतो, कारण मिनिटंच्या मिनिटं श्वास रोखून धरणं हा त्याचा स्वभावच आहे. म्हणून घशात नळी घालून यंत्राने श्वास द्यावा लागतो आणि शुद्धीवर येण्याची वाट पाहत बसावं लागतं. रक्त थंड, त्यामुळे औषधही शरीरात रेंगाळतं. सेफ्टाझिडिमसारखं प्रतिजैविक आपल्याला दिवसातून दोन-तीनदा टोचतात, कासवाला तीन दिवसांतून एकदा पुरतं. थंडीच्या लाटेत गारठून बधिर झालेल्या कासवाला एकदम गरम पाण्यात टाकलं तर ते दगावू शकतं. रोज थोडं थोडं असं तापमान चढवावं लागतं. मरणही असंच संथ. मेंदूचं काम थांबल्यानंतरही हृदय बराच वेळ धडधडत राहतं. उलट, निपचित पडलेलं, स्पर्शालाही न हलणारं कासव जिवंत असू शकतं.

हा शेवटचा मुद्दा आपल्या कोकणात जीवनमरणाचा आहे.

आपल्याकडच्या जखमी कासवांत ऑलिव्ह रिडले जातीची अधिक, आणि त्यांचं मुख्य दुखणं म्हणजे जाळं. मॅरेथॉनइतका गाजावाजा नसला तरी आपल्याकडेही इस्पितळ आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूला वनखातं आणि 'वाइल्डलाइफ कॉन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन' ही स्थानिक संस्था मिळून समुद्री कासवांचं उपचार केंद्र चालवतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सुटला की अशक्त, जखमी कासवं किनाऱ्याला लागतात. वास्तविक १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मग जाळी कुठली? समुद्रात तुटून वाहत गेलेली किंवा टाकून दिलेली. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे बंदीच्या काळातही ही बेवारस जाळी मासेमारी करतच राहतात. दोरा पुढच्या पायाभोवती आवळला जातो, रक्तपुरवठा तुटतो, मांस सडतं आणि शेवटी पाय कापावा लागतो. तीन पायांवर कासव पोहतं, खातं, समुद्रात परतही जाऊ शकतं. मादीचा मागचा पाय गेला तर मात्र वाळूत घरटं खणणं तिला अवघड होतं.

जाळ्यात अडकलेलं कासव समुद्रात सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात डिसेंबर २०१८ पासून आहे. माझ्या मते या विषयात सरकारने केलेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम. कासव वाचवण्याचा भुर्दंड तांडेलाच्या माथी मारून त्याच्याकडून भूतदयेची अपेक्षा करणं हा शहरी दांभिकपणा झाला असता.

तरीही आपलं प्रेम बहुतेक पिल्लांवरच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ मध्ये वेळासला सुरू केलेल्या कामातून कासव महोत्सव उभा राहिला, तो आपल्या अभिमानाचा विषय आहे आणि असायलाच हवा. पण हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं असं मानतात. किनाऱ्यावर जखमी होऊन पडलेली प्रौढ मादी म्हणजे ते हजारातलं एक. तिच्यापुढे मात्र आपली भूतदया एकच गोष्ट करते: चार जण मिळून तिला उचलतात, समुद्रात ढकलतात आणि व्हिडिओ काढतात. दमलेल्या, फुप्फुसात पाणी गेलेल्या प्राण्याला पुन्हा पाण्यात लोटणं म्हणजे बुडवणंच. अंडी घालायला आलेली धडधाकट मादी आपली आपण परत जाते. जी तशीच पडून राहते, तिला डॉक्टर हवा असतो.

तेव्हा एवढं कराच. होडीवर जाळ्यातून निपचित कासव वर आलं तर ते मेलं असं समजून फेकू नका. उताणं करू नका, पोटावरच ठेवा. मागची बाजू वीतभर उंच करा म्हणजे फुप्फुसातलं पाणी निथळेल. सावलीत, अंगावर ओलं फडकं टाकून ठेवा, पण नाकपुड्या मोकळ्या असू द्या. शुद्धीवर यायला कधी कधी अख्खा दिवस लागतो. किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं तर कुत्री आणि बघ्यांची गर्दी दूर ठेवा, पायात रुतलेला दोरा ओढून काढू नका, पाण्यात ढकलू नका आणि वनखात्याच्या 'हॅलो फॉरेस्ट' सेवेला १९२६ या क्रमांकावर फोन करा.