रोडग्याला घाई चालत नाही

परभणीहून परळीकडे जाताना ‘पोखर्णी नृसिंह’ हे स्थानक लागते. तेच आमचे गाव. तिथे उतरलो की मला देवाआधी रोडगे आठवतात, हे माझे पाप आज कबूल करून टाकतो!

रोडगा म्हणजे जाडसर गव्हाच्या घट्ट पिठाचा, पदरावर पदर चढवून वळलेला गोळा. गोवऱ्यांच्या ज्वाला विझून नुसता आर उरला की तो त्यात ठेवायचा, उलटायचा, वर गरम राख ओढायची आणि स्वस्थ बसायचे. सारी विद्या या स्वस्थ बसण्यात आहे!

आई थकली, तेव्हा तिला आम्ही शहरात आणले. इथे तिचे जेवणावरचे मनच उडाले. म्हणून एका सकाळी मी ओव्हनमध्ये रोडगे लावले. कॉलेजची वेळ होत आली, तशी आच वाढवली. वरून खरपूस, आत कच्चे पीठ! आई हसली, कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, “अरे, साल लवकर भाजते. पोटात ऊब पोचायला वेळ लागतो.”

रविवारी आच मंद ठेवली. तासभर मधूनमधून रोडगे उलटत आईजवळ बसलो, पोखर्णीच्या गोष्टी ऐकल्या. मग रोडगा फोडून त्यात तूप ओतले, शेजारी वांग्याची भाजी वाढली. गोवरीचा वास काही आला नाही. पण आईने अर्धा रोडगा संपवला.

“पुढच्या रविवारी दोन जास्त लाव,” ती म्हणाली.