घट, ढेकळं आणि हार्ड डिस्क

अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. गहू, तूर, सरकी, करडी अशी १८ धान्यं गोलाकार ठेवायची. मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्याची घागर. रात्रभर तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे ढेकळं किती भिजली, कुठलं धान्य विखुरलं, हे पाहून वर्षाचं भाकीत सांगतात.

त्यावर किती विश्वास ठेवायचा, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण दहा वर्षांचा लॅपटॉप पुढे करून कुणी “हा अजून किती चालेल?” असं विचारलं, की मला भेंडवळ आठवतं. कारण हार्ड डिस्कच्या आतही घट मांडलेला असतो. त्याचं नाव ‘स्मार्ट’. डिस्क किती तास फिरली, वाचताना कितीदा अडखळली, किती खराब सेक्टर बाजूला टाकले, याची नोंद ती स्वतःच ठेवते.

या घटाची परीक्षा गूगलच्या तीन अभियंत्यांनी घेतली. लाखाहून अधिक डिस्कचा हिशेब त्यांनी २००७ साली मांडला. तपासणीत पहिली चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. म्हणजे घट बोलला तर ऐकावं. मात्र गेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी तापमान सोडता कसलीच खूण दिली नव्हती. भेंडवळकरांना हसण्याआधी हा आकडा लक्षात ठेवावा.

उष्णतेचं मात्र नवल. डिस्क थोडी तापली म्हणून लवकर जाते, असं त्या अभियंत्यांना आढळलं नाही. फरक पडला तो फार तापलेल्या आणि तीन वर्षांपुढच्या डिस्कना. अर्थात गूगलच्या त्या सगळ्या डिस्क गारव्यात ठेवलेल्या होत्या. मे महिन्यातलं आपलं मलकापूर-शेगाव, म्हणजे घाटाखाली, पंख्यात काळ्या मातीची धूळ अडकलेली, हे प्रकरण वेगळं.

उन्हाळा आधी खातो तो बॅटरीला. ती फुगते, टचपॅड वर ढकलते. मग आपण ती काढून लॅपटॉप नुसत्या प्लगवर चालवतो, आणि इथेच घात होतो. लॅपटॉपची तबकडी बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि तिच्यावर काही नॅनोमीटर उंचीवर माहिती वाचणारं हेड तरंगत असतं. लाइट गेली, की थांबत चाललेल्या तबकडीच्या उरल्यासुरल्या गतीवर ते कसंबसं जागेवर परततं. चांगली बॅटरी हा धक्का लागूच देत नाही. म्हणून जुन्या लॅपटॉपवर खर्च करायचाच, तर आधी बॅटरीवर करावा.

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल, तर तिच्यात फिरणारं काही नाही. पण झिजलेली एसएसडी वर्षानुवर्षं कपाटात विजेविना पडली, तर तिच्यातली माहिती विरू शकते.

लग्नाचे फोटो, खरेदीखताच्या स्कॅन प्रती आज रात्रीच दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि डिस्क टकटक वाजू लागली, तर पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका.