सारमेयाचें शिक्षण

महाभारताच्या आदिपर्वांत, पौष्यपर्वाच्या आरंभीं, एका पिलाची फिर्याद आहे. जनमेजय राजा कुरुक्षेत्रीं दीर्घसत्र करीत असतां देवांची कुत्री जी सरमा, तिचें पिलूं तेथें आलें. श्रुतसेन, उग्रसेन व भीमसेन या राजाच्या तिघां भावांनीं त्यास झोडपलें. हविर्द्रव्य चाटणें दूरच, त्याकडे आपण पाहिलेंहि नव्हतें, असें त्यानें रडत आईस सांगितलें. सरमेनें सत्रांत जाऊन जाब विचारला. उत्तर कोणींच दिलें नाहीं. पुढें तिच्या शापाचें निवारण करणारा पुरोहित शोधीत जनमेजयास हिंडावें लागलें.

ज्या घरांत सोंवळें-ओंवळें अद्यापि पाळलें जातें, तेथें हा प्रसंग नित्य घडतो. पिलूं देवघरापाशीं आलें कीं नैवेद्यास तोंड लागण्यापूर्वींच त्याच्या पाठींत काठी बसते. आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील नर्सी हें नामदेवमहाराजांचें जन्मस्थान मानलें जातें. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागें तूप घेऊन धांवणाऱ्या नामदेवांची गोष्ट येथें पोराटोरांसहि ठाऊक आहे. तूप घेऊन धांवा, असें आमचें सांगणें नाहीं. काठी घेऊन धांवूं नये, इतकेंच.

सकाळीं कुरतडलेल्या जोड्याबद्दल दुपारीं धपाटा बसला, तर पिलूं त्या दोहोंचा संबंध जोडूं शकत नाहीं. तें संबंध जोडतें तो धपाट्याचा आणि घरीं आलेल्या धन्याचा. ‘पण तें कान पाडून बसतें, म्हणजे त्यास अपराध कळतोच!’ असें पुष्कळांचें म्हणणें असतें. २००९ सालीं अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन विदुषीनें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें दिसलें, कीं ती अपराधी मुद्रा धन्याच्या रागावण्यानें उमटते. अपराध घडलेला असो वा नसो. किंबहुना, निरपराध असून बोलणीं खाणाऱ्या कुत्र्यांच्या ठायीं ती अधिकच दिसे!

एकत्र कुटुंबांत खरी अडचण पिलाची नसून माणसांची असते. वसमतच्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं आजी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर भाकरीचा तुकडा टाकीत, आणि त्याच उंबरठ्यावर आल्याबद्दल काका पिलास बडवीत. मुलें त्यास अंथरुणांत घेत, वहिनी हांकलीत. पिलानें कोणाचा कायदा पाळावा? अखेर सर्वांनीं बसून ठरविलें, कीं ओटीवरील गोणपाट ही त्याची जागा; घांस मिळेल तो तेथेंच, आणि शब्द एकच, ‘जाग्यावर’. नियम मोडण्यांत आजी सर्वांत पुढें होत्या. परंतु पुढें त्याच तुकडा हातांत धरून पिलूं गोणपाटावर बसेपर्यंत थांबूं लागल्या. थोड्याच दिवसांत पाट मांडल्याचा आवाज होतांच तें आपण होऊन गोणपाटावर जाऊं लागलें. काकांची काठी तेव्हांपासून कोनाड्यांत आहे.

बाकीच्या खोड्यांस उपाय सोपे आहेत. चौथ्या महिन्याच्या सुमारास दुधाचे दांत पडूं लागतात व सातव्यापर्यंत कायमचे येतात. तेव्हां त्यास कांहीं तरी चावावेंसें वाटणारच. जोडे उचलून ठेवावे व जुन्या कापडाची घट्ट गांठ मारून द्यावी. खेळतां खेळतां तें बोट धरूं लागलें, तर न ओरडतां खेळ थांबवून पाठ फिरवावी. झोंपेंतून उठल्यावर व खाणें झाल्यावर त्यास बाहेर एकाच ठिकाणीं न्यावें, आणि काम होतांक्षणीं शाबासकी द्यावी. घाणींत नाक घासण्याची रीत ओंगळ आणि निष्फळ आहे. कुत्र्यास निष्कारण मारहाण करणें १९६० च्या कायद्यानें गुन्हा आहे, हेंहि ध्यानीं असावें.

परंतु कायद्यापेक्षां घरांतील लहान मुलांची चिंता आम्हांस अधिक वाटते. गुरगुरणें ही कुत्र्याची पूर्वसूचना होय. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलें कुत्रें भीति विसरत नाहीं, सूचना देणें मात्र सोडतें, आणि मग एके दिवशीं एकाएकीं चावतें. म्हणून पिलूं जेवत किंवा निजलेलें असतां त्यास हात लावूं नये, हें मुलांस शिकवावें. तें गुरगुरलें तर मुलास बाजूस घ्यावें. तीन महिन्यांचें होतांच त्यास पिसाळरोगाची लस टोंचून घ्यावी. दांत लागलाच, तर जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. हळद-चुना लावून घरीं बसूं नये.