शिक्षणातला खंड आणि जन्मभराची मजुरी

जून महिना लागला की वर्ध्याच्या कोर्ट आवारात आमच्या टेबलाशी मुले येतात. शिक्षणात खंड का पडला, याचे शपथपत्र त्यांना हवे असते. आम्ही 'घरगुती अडचणीमुळे' एवढेच टाईप करतो. त्यात बापाचे आजारपण, हातचे गेलेले सोयाबीन, बहिणीचे लग्न, बुटीबोरीतली ठेकेदाराकडची नोकरी सारेच येते.

पण ही परत आलेली मुले. न परतलेल्यांचे काय? दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला मुलगा कागदावर बारावी पासच राहतो. पदवीची अट असलेली जाहिरात त्याच्यासाठी नसतेच. दोन वर्षांनी परतून पदवी घेणाऱ्याचा दोन वर्षांचा पगार बुडतो, ज्येष्ठता मागे पडते. ते नुकसान मोजता येते. न परतणाऱ्याचे नुकसान मात्र दर महिन्याला होते, हातपाय चालेपर्यंत. राज्यसेवेला मागासवर्गीयांची वयोमर्यादा 43 आहे, उशीर चालतो, असे कोणी म्हणेल. पण त्या परीक्षेलाही आधी पदवीच लागते ना?

बाबासाहेबांच्या शिक्षणातही खंड पडला होता. जयंतीच्या भाषणात आपण तो भरभर सांगून पुढे जातो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 साली त्यांना लंडन सोडावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळू दिली नाही. 1918 च्या नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगार महिना 450 रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती! तरीही पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन 1920 मध्ये ते परत लंडनला गेले. 1921 ला एम.एस्सी., 1922 ला बॅरिस्टर, 1923 ला डी.एस्सी. मुख्य म्हणजे, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी निघतानाच घेऊन ठेवली होती.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका देऊन बाहेर पडण्याची सोय केली. मिळवलेले क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षे जमा राहतात. बाहेर पडणे सोपे झाले. पण एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर कोणता साहेब कायम नोकरी देणार आहे? आणि परतताना फी, वसतिगृह, खोलीभाडे कोण देणार? क्रेडिट जमा राहतात, पैसा जमा राहत नाही. परतणाऱ्याला शिष्यवृत्ती आणि वसतिगृह हक्काने मिळाले पाहिजे, ही मागणी चळवळीने लावून धरायला हवी.

तोवर कार्यकर्त्यांनी आपल्या विहारात गेल्या पाच-सहा वर्षांत कॉलेज सोडलेल्या मुलामुलींची यादी करावी आणि त्यांना आमच्याकडे पाठवावे. शपथपत्राची फी आम्ही घेणार नाही.