दरबार, वकिली आणि खजिना : अण्णासाहेब लठ्ठे

अण्णा बाबाजी लठ्ठे यांचा जन्म ९ डिसेंबर १८७८ रोजी कुरुंदवाड येथे झाला. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान. आसपास कोल्हापूर, सांगली, मिरज आणि इचलकरंजीची जहागीर, मध्येच इंग्रजी अमलाखालचा खाल्सा मुलूख. काही मैल चालले की कायदा बदलायचा, स्टॅम्प बदलायचा आणि दाद मागायचे ठिकाणही बदलायचे. लठ्ठे यांनी पुढे प्राध्यापकी केली, वकिली केली, दिवाणगिरी आणि मंत्रिपदही भूषवले. पण या साऱ्या कामांत एका सत्तेचे म्हणणे दुसरीपुढे मांडण्याचा भाग मोठा होता.

एम.ए., एल्‌एल.बी. झालेले लठ्ठे दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या शिकलेल्या पहिल्या पिढीतले. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या उभारणीत ते आघाडीवर होते. १९०५ मध्ये त्यांचे जैन धर्माची ओळख करून देणारे इंग्रजी पुस्तक निघाले. १९०७ ते १९११ या काळात त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात इंग्रजी शिकवले आणि त्यानंतर संस्थानच्या शिक्षणखात्यात काम केले. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखल्या होत्या. त्या जागांवर बसायला शिकलेली माणसे हवी होती, आणि ती घडवण्यासाठी शहरात एकामागून एक वसतिगृहे उघडत होती. जैन बोर्डिंग त्यांपैकीच एक. त्याची देखरेख लठ्ठे यांच्याकडे होती.

या बोर्डिंगातला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. कुंभोजचा भाऊराव पायगोंडा पाटील हा विद्यार्थी अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आला. आंघोळ केल्याशिवाय पंगतीला बसता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्याने आंघोळ करायला साफ नकार दिला. लठ्ठे यांनी त्याला बोर्डिंगातून काढले. ब्राह्मणेतर चळवळीच्या पुढाऱ्याने घेतलेला हा निर्णय आज खटकतो, आणि खटकायलाच हवा. जातिभेदाविरुद्ध बोलणारी वसतिगृहेही आपल्या पंगतीचा सोवळेपणा तेव्हा जपत होती.

१९१४ मध्ये कोल्हापुरात इंग्रज राजघराण्यातील व्यक्तीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. संस्थानात असे घडणे म्हणजे इंग्रज सरकारपुढे दरबाराची मान खाली जाणे. संशय लठ्ठे यांच्यावर घेण्यात आला. त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून ज्या तरुणाला धरले, तो नेमका हा बोर्डिंगातून काढलेला भाऊराव पाटील. त्याच्यावर पोलिसी जुलूम झाला, आत्महत्येचा प्रयत्न करण्याची पाळी त्याच्यावर आली, पण साक्ष काही त्याने दिली नाही. पुढे १९१९ मध्ये याच भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि महाराष्ट्र त्यांना कर्मवीर म्हणू लागला. लठ्ठे यांना मात्र कोल्हापूर सोडावे लागले.

ते बेळगावला गेले आणि तिथे वकिली करू लागले. बेळगाव खाल्सा मुलखातले, तिथे दरबाराचा हात पोचत नव्हता. वकिलीच्या जोडीला राजकारण आले. १९१६ मध्ये वालचंद कोठारी आदींबरोबर त्यांनी डेक्कन रयत असोसिएशन उभी केली. राजकीय सुधारणांची चर्चा सुरू होती आणि कायदेमंडळात ब्राह्मणेतरांना स्वतंत्र वाटा मिळावा, हा या संस्थेचा मुद्दा होता. १९१९ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा राखल्या गेल्या. लठ्ठे स्वतः १९२१ ते १९२३ या काळात मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य होते.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्यांचे पहिले विस्तृत चरित्र लिहिले ते लठ्ठे यांनी. दोन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, मराठी चरित्र त्यानंतर वर्षभरात. ज्या राजाच्या राज्यातून बाहेर पडावे लागले त्याचे चरित्र लिहिताना माणूस एक तर हिशेब चुकता करतो, नाही तर भाटगिरी करतो. लठ्ठे पहिल्या वाटेला गेले नाहीत. महाराजांच्या बाजूला त्यांचे माप अनेकदा झुकते, हे खरे. तरी मांडणी वकिलाची आहे.

या चरित्रानंतर लवकरच, शाहूंनंतर गादीवर आलेल्या छत्रपती राजाराम महाराजांनी लठ्ठे यांना दिवाण नेमले. १९३० पर्यंत त्यांनी हे काम पाहिले. संस्थानचा दिवाण म्हणजे घरचा मुख्य कारभारी आणि बाहेरचा वकील, दोन्ही. १८६२ च्या करारानुसार महत्त्वाच्या बाबतींत कोल्हापूरला इंग्रज सरकारचा सल्ला मानावा लागे. त्यामुळे विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी या जहागिरदारांशी छत्रपतींचे नाते कसे असावे, हा प्रश्नही नुसता घरचा राहत नसे. याच काळात बटलर समिती सार्वभौम सत्ता आणि संस्थाने यांच्या संबंधांचा विचार करत होती. तिचा अहवाल १९२९ मध्ये आला, आणि १९३० मध्ये संस्थानांच्या प्रश्नांवर लठ्ठे यांचे स्वतंत्र इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. लंडनच्या गोलमेज परिषदेच्या कामातही संस्थानांच्या बाजूने त्यांचा सहभाग होता. ‘दिवाणबहादूर’ हा किताबही त्यांना मिळाला.

जुलै १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ मुंबईत अधिकारावर आले आणि इंग्रजांचा किताब मिळवलेले लठ्ठे त्यात अर्थमंत्री झाले. गृहखाते कन्हैयालाल मुन्शींकडे, महसूल मोरारजी देसाईंकडे. सर्वांत नावडते काम अर्थखात्याच्या वाट्याला आले, कारण सरकारला दारूबंदी आणायची होती आणि खजिन्याचा मोठा आधार दारूवरच्या अबकारीचा होता. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात बंदी लागू झाली. खड्डा भरून काढण्यासाठी शहरातील स्थावर मिळकतींवर भाड्याच्या मूल्याच्या १० टक्के कर बसवला गेला. घरमालक खवळले. हा कर म्हणजे प्रत्यक्षात प्राप्तिकरच, आणि तो प्रांताला लावता येत नाही, असा दावा घेऊन सर बैरामजी जीजीभाई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तो जमीन व इमारतींवरचाच कर ठरवला आणि प्रांताचा अधिकार मान्य केला. केंद्र आणि प्रांत यांच्यातील करविषयक अधिकारांच्या चर्चेत या निकालाचा आधार नंतरही घेतला गेला.

नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावरून काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. लठ्ठे यांचे मंत्रिपद तिथेच संपले. १६ मे १९५० रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन जेमतेम वर्ष उलटले होते. सांगलीत त्यांच्या नावाची शिक्षणसंस्था आहे. शाहू महाराजांवर काम करणाऱ्याला आजही १९२४ चे ते दोन खंड हाताशी ठेवावे लागतात.