बोरन्हाणातली बोरं गेली कुठं?

संक्रांत ते रथसप्तमी हा बोरन्हाणांचा हंगाम. काळं झबलं आणि हलव्याचा मुकुट घातलेलं बाळ पाटावर बसतं. वरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, चुरमुरे असं सगळं ओततात. बाळ भेदरून भोकाड पसरतं, बाकीची पोरं लुटायला तुटून पडतात. हल्ली मात्र या पावसात चॉकलेटच्या रंगीत गोळ्या आणि टॉफ्याच जास्त. बोरं शास्त्रापुरती पाच!

तर आधी बोराचीच बाजू घेऊ. शंभर ग्रॅम गरात क जीवनसत्त्व साधारण ७० मिलिग्रॅम, संत्र्यात ५० च्या आसपास. टपोरं हवं तर उमराण घ्या, आंबटगोड हवं तर जळगावकडचं चिमुकलं मेहरूण. अळीची भानगड असतेच, कारण फळमाशी थेट फळातच अंडी घालते. म्हणून बोर आधी फोडून बघायचं आणि मगच तोंडात टाकायचं.

शेंगेची गंमत वेगळी. भुईमुगाचं फूल उमलतं मातीच्या वर आणि शेंग धरते मातीच्या खाली! फूल फळलं की त्याचा देठ खाली वाकून जमिनीत घुसतो. शेतकरी त्याला आऱ्या सुटल्या म्हणतात. दाण्याच्या वजनाचा चौथा हिस्सा निव्वळ प्रथिनं. शिवाय सोलून खायची चीज, त्यामुळे बकाणे भरता येत नाहीत. टॉफीला हा ब्रेक नाही.

आता संक्रांतीच्या तिळगुळातले तीळ. बिनपॉलिशच्या शंभर ग्रॅम तिळात साडेनऊशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम, तर तेवढ्याच दुधात जेमतेम १२०. पण लगेच हुरळू नका. तिळाच्या सालीतलं ऑक्झलेट त्यातलं बरंच कॅल्शियम अडवून धरतं, पॉलिशच्या तिळात मुळातच कॅल्शियम कमी, आणि शंभर ग्रॅम तीळ एका बैठकीत खातं कोण?

गुळाचं नाव मोठं, पण तीही साखरच, थोडी लोह-खनिजं घेऊन आलेली. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ साली सांगितलं की २ ते १८ वर्षांच्या मुलांच्या पोटात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहावी, म्हणजे सहा चमचे. दोन वर्षांखाली शून्य. आणि बोरन्हाणाचे उत्सवमूर्ती बहुतेकदा दोन वर्षांखालचेच!

हलव्याबद्दल तर बोलायलाच नको. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत मंद आचेवर घ्यायचा, वरून पाक थेंब थेंब सोडायचा आणि काटा येईपर्यंत बोटं भाजत हलवत बसायचं. कला अस्सल, माल मात्र जवळजवळ साखरच. तेव्हा ‘आपलं जुनं ते सगळं पौष्टिक’ असा टेंभा मिरवायला फारसा वाव नाही.

चिक्कीचंही तेच. १९४० च्या दशकात स्वीडनमधल्या लुंडच्या व्हिपेहोल्म संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या चारून दात किडतात का ते पाहिलं गेलं. प्रयोग लाजिरवाणा, पण निष्कर्ष पक्का निघाला. साखर किती खाल्ली यापेक्षा ती दातांना किती चिकटली आणि दिवसातून किती वेळा खाल्ली, ते जास्त नडतं. गोड फक्त शनिवारी, ही स्वीडिश घरांतली प्रथा त्यातूनच रुजली. चिक्की गुळाची असली म्हणून दात तिला माफ करत नाहीत. द्यायचीच तर जेवणाबरोबर द्यावी, वर चूळ भरायला लावावी.

आणि साखर खाऊन पोरं चेकाळतात म्हणता? १९९४ च्या एका अमेरिकन प्रयोगात सगळ्याच मुलांना बिनसाखरेचं पेय दिलं आणि निम्म्या आयांना सांगितलं, साखर दिलीय. त्या आयांना आपली मुलं जास्त उधळलेली दिसली! बोरन्हाणातला गोंधळ साखरेचा नव्हे, दहा पोरं एका खोलीत कोंडल्याचा.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग हॅलोविनचा. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात त्या सणाला दारात खाऊ मागायला आलेल्या ३ ते १४ वर्षांच्या मुलांपुढे दोन ताटं धरली, एकात चॉकलेट-गोळ्या, दुसऱ्यात अंधारात चमकणारे किडे, स्टिकर, पेन्सिली असला माल. जवळपास निम्म्यांनी खेळणी उचलली. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे २००३ साली छापलं. पोरांना मजा लुटण्याची असते, लुटीत काय आहे याची फिकीर मोठ्यांनाच जास्त. तेव्हा बोरं-शेंगांत खोडरबर, भिंगऱ्या, पेन्सिली बिनधास्त मिसळा. टॉफीची आठवणही कुणाला होणार नाही, निदान घरी जाईपर्यंत तरी.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, कडक गोळ्या, कच्च्या गाजराचे तुकडे देऊ नका, असं अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना बजावते. श्वासनलिकेत शेंगदाणा अडकलेलं मूल कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना नवं नाही. बोराची बी आणि बारीकसारीक खेळणीही त्याच यादीत धरा. बाळाच्या डोक्यावर झेंडू-शेवंतीच्या पाकळ्या ओता, हातात मऊ केळ्याची फोड द्या. बाकीची लूट थोरल्यांची.

आणि हो, हलव्याच्या दागिन्यांत दोरा, पुठ्ठा, डिंक सगळं असतं, ते खायचे नसतात. पण बाळाला हे कोण सांगणार? तेव्हा मुकुट चाटून झाला असेल, तर पुढच्या वर्षी तो शेजारच्या वहिनींना उसना देऊ नका.