प्रार्थनेचा आधार आणि औषधाची साथ

दसरा-दिवाळी झाली की पाथर्डी तालुक्यातले ऊसतोड मजूर कारखान्यांच्या वाटेला लागतात. गावात उरतात म्हातारी माणसे, शाळकरी मुले आणि दुखणाईत. या तालुक्यात पावसाचा भरवसा नाही. घरात मधुमेह, क्षयरोग, अर्धांगवायू किंवा कर्करोग शिरला, की पैशाबरोबर मनाचाही कस लागतो. अशा वेळी माणूस कुठला ना कुठला आधार धरतो. कुणी मढीला जातो, कुणी मोहटादेवीला. ख्रिस्ती घरांत संध्याकाळी सगळे एकत्र बसून प्रार्थना करतात, रविवारी उपासनेत आजाऱ्याचे नाव घेतले जाते, पाळक घरी येऊन जातात. या आधाराचा आजारावर काही परिणाम होतो का, हा प्रश्न वैद्यकशास्त्रानेही गांभीर्याने तपासला आहे.

नगर जिल्ह्यातली ख्रिस्ती परंपरा जुनी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ साली सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२मध्ये नगरमधूनच निघाले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पाच वर्षांनी, १९०० साली राहुरीला ख्रिस्ती झाल्या. मधला काळ ताटातुटीचा आणि मनाच्या ओढाताणीचा होता. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते, की त्यांची श्रद्धा एका दिवसात आलेली नाही. ती प्रश्न विचारत, रडत, कधी स्वतःलाच हसत आलेली आहे. अशी श्रद्धा संकटात जास्त टिकते, हे निरीक्षण आजच्या मानसशास्त्राशी जुळणारे आहे.

शरीरात काय घडते?

मोठा आजार किंवा घरातला मृत्यू म्हणजे शरीरासाठी सततचा धोक्याचा इशारा. ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके वाढतात. झोप मोडते, रक्तदाब चढतो, मधुमेह्याची साखर आवाक्यात राहत नाही. मन शांत करणारी कोणतीही नियमित सवय हा ताण काही प्रमाणात उतरवते. इटलीतील डॉक्टर लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१मध्ये एक छोटा पण लक्षवेधी अभ्यास प्रसिद्ध केला. २३ निरोगी व्यक्तींना त्यांनी लॅटिन भाषेतील रोझरीची प्रार्थना आणि योगातील मंत्र म्हणायला सांगितले. दोन्हींमध्ये श्वासाची गती मिनिटाला सुमारे ६पर्यंत खाली आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक चांगली काम करू लागली. लाभ संथ लयीचा होता. तो माळेतूनही मिळाला आणि मंत्रातूनही.

दुसरा धागा माणसांचा. अमेरिकेतील ७४,५३४ परिचारिकांची माहिती १९९६ ते २०१२ या काळात तपासण्यात आली. त्यात बहुसंख्य ख्रिस्ती होत्या. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी आढळले. धूम्रपान कमी, नैराश्य कमी आणि भोवती माणसे जास्त, ही त्यामागची काही कारणे. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे, त्यामुळे ‘चर्चला गेल्याने आयुष्य वाढते’ असे त्यावरून ठामपणे म्हणता येत नाही. पण दर आठवड्याला कुणीतरी आपली वाट पाहते, आपण दिसलो नाही तर चौकशीला येते, ही गोष्ट एकट्या पडलेल्या रुग्णासाठी लहान नाही. ज्या घरातली कर्ती माणसे सहा महिने ऊसतोडीला गेलेली असतात, तिथे तर हीच मंडळी पहिला आधार ठरते.

प्रार्थना हा उपचार आहे का?

येथे शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांवरचा अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी दुरून केलेल्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाली नाही. उलट ‘आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे’ हे नक्की माहीत असलेल्या गटात गुंतागुंतीचे प्रमाण ५९ टक्के, तर हे नक्की माहीत नसलेल्या पण प्रार्थना लाभलेल्या गटात ५२ टक्के होते. यावरून प्रार्थना निरर्थक ठरत नाही. मात्र प्रार्थनेला गोळीसारखे मोजता येत नाही आणि गोळीच्या जागी वापरताही येत नाही, एवढे नक्की ठरते.

धोका इथेच आहे. ‘आता बरे वाटते, देवाने ऐकले,’ म्हणून क्षयरोगाची औषधे दोन महिन्यांत थांबवली, तर जंतू औषधांना दाद देईनासे होतात. फिटची गोळी एकदम बंद केल्यास लागोपाठ झटके येऊन जीव जाऊ शकतो. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचे इन्सुलिन तोडले, तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्ल साठून मूल बेशुद्ध पडू शकते. हा मोह कोणत्याही एका धर्मापुरता नाही. अंगारा, गंडा, उपास आणि आरोग्य देणाऱ्या सभा, सगळीकडे तो दिसतो.

ख्रिस्ती परंपरेत तरी औषधाला विरोध करण्याचे कारण दिसत नाही. नव्या करारात लूकचा उल्लेख वैद्य म्हणून येतो. चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तो वाटसरू जखमी माणसाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, त्या बांधतो, त्याला उतारशाळेत नेतो आणि खर्चही सोसतो. नगरच्या बूथ हॉस्पिटलने कोविडच्या साथीत केलेली रुग्णसेवा त्याच वाटेवरची.

श्रद्धाच दुखू लागते तेव्हा

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी श्रद्धेच्या दोन वाटा दाखवल्या. ‘देव या दुखण्यात माझ्यासोबत आहे’ ही पहिली. ‘देवाने मला टाकले, ही माझ्या पापाची शिक्षा आहे’ ही दुसरी. त्यांनी ५५ वर्षांवरील ५९६ आजारी व्यक्तींचा पाठपुरावा केला. देवाने टाकल्याची भावना असलेल्यांमध्ये पुढील दोन वर्षांत मृत्यूचा धोका अधिक आढळला. म्हणून आजाऱ्याला भेटायला गेल्यावर ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे म्हणणे हे केवळ कठोर नाही, तर अपायकारक आहे. बायबलमधला ईयोब आपल्या दुःखाचा जाब विचारतो आणि स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे सरळ विलाप आहेत. रडणे म्हणजे अविश्वास नव्हे.

नैराश्य हाही आजारच आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासपणा, झोप व भूक उडणे, कशातच रस न वाटणे, पूर्वी आवडणाऱ्या प्रार्थनेतही मन न लागणे ही त्याची लक्षणे. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

घरच्यांनी, पाळकांनी, डॉक्टरांनी

घरच्यांनी प्रार्थनेची आणि औषधाची वेळ एकच ठेवावी. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर लगेच गोळी घेतली, तर ती चुकत नाही. उपास करायचा असेल, तर मधुमेही, गरोदर स्त्रिया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाळकांनी भेटीच्या वेळी ‘औषध चालू आहे ना?’ एवढे जरी विचारले, तरी अनेक उपचार अर्धवट सुटणार नाहीत. त्यांचा शब्द घरात मानला जातो.

आणि डॉक्टरांनी श्रद्धेची थट्टा करू नये. ज्याची थट्टा होते, तो रुग्ण वाद घालत नाही. पुढच्या तपासणीला येतच नाही. ‘या दिवसांत तुम्हाला बळ कशातून मिळते?’ हा प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. त्याच्या उत्तरातून रुग्णाला कुणाचा आधार आहे, त्याला कशाची भीती वाटते आणि औषधे थांबवण्याचा विचार त्याच्या मनात आहे का, हे सारे कळू शकते.